नाळेचं तोंड

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत राहतो आणि दर खेपेला येताना एक नवी कल्पना घेऊन येतो. मागच्या वेळी त्याने बाबांसाठी पावलं मोजणारं घड्याळ आणलं होतं. बाबांनी ते दोन दिवस मनगटावर बांधलं आणि "माझी पावलं मला ठाव हायेत" म्हणून काढून ठेवलं. या खेपेला त्याने घराण्याची सहल आणली. तिकडे म्हणे लोक बिछाने, शेगडी आणि संडास असलेली गाडी भाड्याने घेतात, आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे तीत बसतात आणि दऱ्याखोऱ्यांतून भटकत राहतात. "आपल्याकडे काय दऱ्या कमी आहेत का ताई?" तो फोनवर म्हणाला. कमी नाहीत. पण आपल्याकडे घराणं एका जागी येतं ते लग्नाला नाहीतर दहाव्याला. नुसतं भेटण्यासाठी भेटायचं म्हटलं की लोकांना वाटतं, काहीतरी वाटणीबिटणीचं असणार.

तरी मी हो म्हटलं, कारण आत्या येणार होती.

आत्या म्हणजे बाबांची एकुलती बहीण, त्यांच्याहून चार वर्षांनी धाकटी, शहात्तरची. आमचं मूळ गाव टोकावड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. तिचं सासर त्याच डोंगराच्या डोक्यावर, घाटावर. पाखराने उडायचं ठरवलं तर दहा मिनिटांत पोचेल. गाडीने माळशेज घाट चढून, वळसा घेऊन दोन तास लागतात. आत्या लग्नकार्याला येते, मयताला येते. भाऊबीजेला येत नाही. मी पन्नास वर्षांची झाले, पण तिने बाबांना ओवाळलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. लहानपणी मी एकदा बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "तिला नको असंल." त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी पुन्हा विचारलं नाही, आणि मी सहसा गप्प बसणारी नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी सात वाजता ती गाडी किन्हवलीत माझ्या दारात उभी राहिली. पांढरीशुभ्र, लांबलचक, बाजूला शिडी, वर पाण्याची टाकी, भाड्यातच मिळालेला ड्रायव्हर. भाऊ आणि त्याची मुलगी खाली उतरेपर्यंत शेजारच्या दोन म्हाताऱ्या मागच्या दाराने आत चढून बाकावर बसल्यासुद्धा. एकीच्या हातात केसपेपर होता. आमच्याकडे अशी पांढरी गाडी येते ती फिरत्या दवाखान्याची, तेव्हा चूक त्यांची नव्हती. मी सांगितलं, हा दवाखाना नाही, आम्ही फिरायला चाललोय. "मग यात खाटा कशाला गो?" एकीने विचारलं. घरात खाट असताना माणूस गाडीत का झोपेल, हे मला त्यांना पटवून देता आलं नाही. शेवटी भावाने आपल्या पेटीतलं मशीन काढून दोघींचं बीपी मोजलं, तेव्हा कुठे त्या उतरल्या.

बाबांना गाडी आवडली. शेगडीवर चहा उकळताना बघून ते लहान पोरासारखे हसले. फक्त आतला संडास दाखवल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "शिजवायचं तिथंच आन जायचं पन तिथंच?" म्हणाले, आणि तीन दिवसांत त्यांनी त्या दाराला हात लावला नाही. खरं तर कोणीच लावला नाही. इतकं भाडं भरून घेतलेल्या त्या संडासात आम्ही कांदेबटाटे ठेवले.

पहिला दिवस सिद्धगडाच्या पायथ्याच्या रानात गेला. भाऊ आणि भाची दोर, हेल्मेट, हातमोजे असा सगळा सरंजाम घालून ओढ्याच्या कातळावर चढत-उतरत होते आणि लाकडाची मोळी डोक्यावर घेतलेल्या बाया त्यांच्या बाजूने अनवाणी पुढे निघून जात होत्या. मी हसले, तर भाऊ रुसला. भाची मात्र पोरगी गुणाची. एकवीस वर्षांची, मराठी कळतं पण बोलताना शब्द चाचपडते, आणि चुकलं तर न लाजता पुन्हा म्हणते. मला हे आवडतं. माझ्या शाळेतली पोरं चुकण्याच्या भीतीने तोंडच उघडत नाहीत.

दुसऱ्या दिवशीचा बेत नाळेचा होता. नाळ म्हणजे कड्याला पडलेली अरुंद, उभी चीर. पावसाळ्यात तिच्यातून पाणी कोसळतं, उन्हाळ्या-हिवाळ्यात माणसं तिच्यातून चढतात-उतरतात. घाटाने गाड्या सर्रास होण्याआधी खालचं गाव आणि वरचं गाव यांच्यातली वाट तीच. तिला स्वतःचं असं नाव नाही. खालचे लोक तिला वरच्या गावाच्या नावाने ओळखतात आणि वरचे खालच्या. भावाने अमेरिकेतल्या कुठल्याशा दरीचा फोटो नाळेच्या फोटोशेजारी धरून आम्हाला दाखवलं की आपली नाळ तिच्याहून खोल आहे.

आत्याला आणायचं काम आतेभावाकडे होतं. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, घाटावरच शेती करतो, त्याची जीप आहे. भावाने त्याला आदल्या दिवशी टोकावड्याहून फोन केला. मी शेजारीच होते. "उद्या दहा वाजता नाळेच्या तोंडाशी भेटू. आत्याला घेऊन ये. जेवण तिथेच करू." तिकडून तो म्हणाला, "हो हो, दहाला पोचतो आम्ही तोंडाशी." इतकं सोपं बोलणं. त्यात कोणाला काही विचारावंसं वाटलं नाही.

रविवारी आम्ही साडेनऊलाच पोचलो. रस्ता डोंगराखालच्या वाडीत संपतो, तिथे गाडी लावली. वाडीतला एक वाटाड्या भावाने ठरवून ठेवला होता, साठीचा, काटक, कमरेला कोयता. तिथून नाळेचं तोंड पंधरा मिनिटांवर. बाबा काठी टेकत आले आणि एका सपाट धोंड्यावर बसले. समोर दोन काळे कडे आणि त्यांच्या मधे जेमतेम बैलगाडी जाईल एवढी फट. आत गारवा होता. मी भावाबरोबर थोडं आत जाऊन आले. तळाच्या खडकात पाण्याने कोरलेले गोल खड्डे होते, हंड्याएवढे, काहींत अजून पाणी. मी पंचवीस वर्षं भूगोल शिकवते. रांजणखळगे फळ्यावर शेकडो वेळा काढलेत, त्यात हात घालून कधी बघितलं नव्हतं. मी कोपरापर्यंत हात घातला आणि भाचीला हाक मारून घालायला लावला.

दहा वाजले. अकरा वाजले. फोनला रेंज नव्हती. भाऊ दर पाच मिनिटांनी फोन उंच धरून गोल फिरत होता. साडेअकराला मी म्हटलं, भूक लागली, खाऊन घेऊ. गाडीत केलेलं वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या उघडल्या. बाबांनी भाकरी घेतली, पण मोडली नाही.

"ती नाय यायची," ते म्हणाले.

"येईल हो बाबा. ट्रॅफिक असेल घाटात," भाऊ म्हणाला.

"तवा पन नाय आली."

मी विचारलं, कधी? आणि बाबांनी मला जे पन्नास वर्षं सांगितलं नव्हतं ते त्या धोंड्यावर बसून, समोरच्या फटीकडे बघत सांगितलं. दिवाळीला लेकीला आणायला माहेरचा माणूस जायचा, मुराळी म्हणायचे त्याला. आत्याचं लग्न झाल्यापासून दरवर्षी बाबा मुराळी म्हणून नाळ चढून तिच्या सासरी जायचे आणि तिला घेऊन उतरायचे. तिसऱ्या वर्षी भात कापताना त्यांच्या पायाला विळा लागला. जखम खोल होती, चढणं शक्य नव्हतं. आणि त्याच वर्षी आजी अंथरुणाला खिळली होती, रोज लेकीचं नाव काढत होती. म्हणून वर तांदूळ विकायला जाणाऱ्या एका माणसाकडे बाबांनी निरोप दिला. पाडव्याला सकाळी नाळेच्या तोंडाशी ये, मी तिथं थांबतो.

"मी हितंच बसलो व्हतो. काळोख पडंपर्यंत. ती आली नाय." महिन्याभराने आजी गेली. आत्या आली ती तेराव्याला, एसटीने, वळसा घालून. "तिनं मला इचारलं नाय आन मी तिला इचारलं नाय. जिला मरत्या आईसाठी उतरून येववत नाय तिला काय इचारायचं?"

मी तापट आहे. माझ्या तोंडात आलं होतं, की एक वाक्य विचारायला काय झालं होतं दोघांना. पण बाबांचे डोळे भरले होते.

वाटाड्या जरा लांब बसून विडी ओढत होता. तो आमच्यात पडला नव्हता. आता तो खाकरला आणि भावाला म्हणाला, "सायेब, तुमी वरच्यांना काय सांगितलंव? नाळंच्या तोंडाशी?"

"हो."

"मग ती वरती बसली असतील."

"वरती म्हणजे?"

"आमी जिथून आत शिरतो ते आमचं तोंड. ती जिथून शिरतात ते त्यांचं. वरची मानसं तोंड बोलली का वरचं. आमी बोललो का खालचं. आमाला म्हाईत हाय म्हून आमी इचारून घेतो."

तो इतकं सहज बोलला की पहिल्यांदा मला फक्त भावाचा राग आला. पंचवीस वर्षं मी मुलांना घोकायला लावते की नदीचा उगम वर आणि मुख खाली, आणि शेजारी उभी राहून तो फोन ऐकताना माझ्या डोक्यात काही आलं नाही, म्हणून स्वतःचाही आला. मग मी बाबांकडे बघितलं.

"काय बोललास तू?" बाबांनी वाटाड्याला विचारलं. त्याने तेच पुन्हा सांगितलं. बाबांनी पुन्हा विचारलं आणि त्याने तिसऱ्यांदा सांगितलं.

बाबा उठले आणि काठी टेकत फटीच्या दिशेने चालू लागले. ऐंशी वर्षांचा माणूस, वर दोन हजार फुटांची चढण. मी आडवी गेले. ते म्हणाले, बाजूला सर. मी म्हटलं, सरणार नाही, पाहिजे तर काठीने मारा. भावाने त्यांना धरून बसवलं. "ती वर बसली असंल," ते सारखं म्हणत होते. "ती जाईल. ती आता उठून जाईल परत." आजचं म्हणत होते की तेव्हाचं, मला कळलं नाही. आणि खरंच ती उठून गेली असती तर? पुन्हा एकदा वाट बघून, पुन्हा कोणी आलं नाही म्हणून? शहात्तरच्या बाईला तिसऱ्यांदा बोलवायची हिंमत आमच्यापैकी कोणाचीही झाली नसती. आणि ती आलीही नसती.

एक वाजत आला होता. गाडी घाटाने नेली तर पोचायला तीन-साडेतीन वाजणार. भाची म्हणाली, मी चढते. वाटाड्या म्हणाला, पोरगी चालणारी असेल तर अडीच तासांत वर नेतो. म्हणजे वेळ साधारण तीच, पण गाडीचा काय भरवसा. भाऊ म्हणाला, सगळे गाडीनेच जाऊ. बाबा म्हणाले, "नाय. हिला जाऊ दे."

मग त्यांनी भाचीला आत्यासाठी निरोप सांगितला. "बोल. तुजा भाव खालच्या तोंडाशी बसला व्हता."

"तुजा भाऊ खालच्या तोंडाशी बसला आहे."

"हाय नाय. व्हता. तवा बसला व्हता. आईच्या वक्ताला."

तिला 'वक्त' कळेना. मी समजावलं. तिने पुन्हा म्हटलं. बाबांनी तिच्याकडून ते वाक्य सहा वेळा म्हणून घेतलं. 'खालच्या' हा शब्द तिने जरा हळू म्हटला की ते तिला थांबवायचे. सातव्यांदा ती न चुकता म्हणाली, हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि वाटाड्याच्या मागे फटीत शिरली. दोर तिने भावाकडेच टाकला.

आम्ही बाकीचे गाडीने निघालो. टोकावड्याला रेंज आली. आतेभावाचा फोन लागला नाही. माळशेजच्या चढाला ती पांढरी गाडी अशी कण्हत होती की मागचे ट्रक हॉर्न वाजवून थकले. एका वळणावर ट्रक बंद पडला होता, तिथे पाऊण तास गेला. बाबा पुढच्या सीटवर दोन्ही हातांत काठी धरून बसले होते. ते ड्रायव्हरला काही बोलले नाहीत. मीच बोलले, नको तितकं, आणि मग त्याला चहा पाजून माफी मागितली. भाऊ मागे बिछान्यावर बसून म्हणाला, "ताई, मी नीट विचारायला हवं होतं." मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार?

आम्ही पोचलो तेव्हा साडेचार होऊन गेले होते. माळावर आतेभावाची जीप दिसली आणि माझ्या जिवात जीव आला. आतेभाऊ धावत आला. "मामा, मी बाराला म्हटलं घरी जाऊ, तर ही उठेना. म्हणाली, तेव्हा दिवस मावळेपर्यंत बसले होते, आज पण बसते. म्हटलं, तेव्हा म्हणजे कधी? तर बोलेना." भाचीला पोचून तासभर झाला होता. गुडघा फुटला होता, बूट काढून ती गवतात पाय पसरून बसली होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. निरोप सांगून झाला होता.

आत्या कड्याच्या अलीकडे, जिथून नाळ खाली उतरते तिथे, एका दगडावर बसली होती. पदर डोक्यावर, मांडीवर बाजरीच्या भाकऱ्यांचं गाठोडं. बाबा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. आमच्यातलं कोणी पुढे गेलं नाही.

"पायाला विळा लागला व्हता," बाबा म्हणाले. "चढता येत नव्हतं."

"हा पोटात व्हता," आत्याने आतेभावाकडे बोट केलं. "सातवा महिना. येकटी कशी उतरू? मला वाटलं तू वर येनार. तू काय दरसाल येतच व्हतास."

"येत व्हतो."

"घरातली हसली मला. म्हनाली, भावाला दिवाळीत बहीण जड झाली. मी म्हटलं, आता मरंपर्यंत त्याला ओवाळायची नाय."

इतर वेळी आत्या घाटावरचं बोलते. त्या दिवशी ती आमच्या गावचं बोलत होती. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही. भाऊ मात्र हसऱ्या चेहऱ्याने पुढे झाला. "चला, मिटलं एकदाचं. केवढा तो गैरसमज, नाही का? उभे राहा दोघं, फोटो काढतो." मी त्याचा दंड इतक्या जोरात धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता.

कारण आत्या अजून बाबांकडेच बघत होती. "त्या राती घरी गेलास तवा आईला काय सांगितलंस?" तिने विचारलं.

मनापासून वाटलं, बाबांनी खोटं बोलावं. काहीही सांगावं, पाऊस आला, वाट बंद होती, काहीही. पण बाबांना ते कधी जमलं नाही.

"सांगितलं, तुज्या लेकीला यायचं नव्हतं."

"मग ती काय बोलली?"

"काय नाय बोलली. भितीकडं तोंड केलं. मग तुजं नाव तिनं परत नाय काढलं."

खालून वारा येत होता आणि आत्याचा पदर डोक्यावरून पडला तरी तिने तो सावरला नाही. मग ती दगडावर सरकली. बाबा काठी बाजूला ठेवून तिच्या शेजारी बसले. दोघांची तोंडं खाली, आमच्या गावाच्या दिशेला होती.

"माझ्यावर रागावून गेली ती," आत्या म्हणाली. "आता तिला कोन सांगनार?"

"मी सांगीन," बाबा म्हणाले. "मी मोठा हाय. माझा नंबर पयला."

आत्याने त्यांच्याकडे मान वळवून बघितलं.

"या खेपंला नीट सांग," ती म्हणाली.